वाफ्यातलं शेवटचं पाणी

माझा पेपर मॅडमनी दोन बोटांत धरला होता. जसा काही त्याला वास मारत होता.

"ऐका रे सगळे," त्या म्हणाल्या. "मिठागरवाल्यांचं सायन्स."

नववी ब. प्रश्न साधा होता. समुद्राच्या पाण्यापासून मीठ कसं मिळतं? गाईडमधलं उत्तर सगळ्या वर्गाला पाठ. पाण्याची वाफ होऊन जाते, मीठ खाली उरतं. मलाही पाठ होतं. पण लिहिताना हात थांबला. कारण असं होत नाही. सगळं पाणी आटू दिलं तर मीठ कडू होतं, चिकट होतं, कोणी घेत नाही. शेवटचं पाणी वाफ्यातून काढून टाकावं लागतं. मी ते लिहिलं. आणि खाली, काय अवदसा आठवली कोण जाणे, एक ओळ जोडली: हे मी माझ्या आईला करताना पाहिले आहे.

मॅडमनी ती ओळ दोनदा वाचली. वर्ग खिदळला. माझ्या बाकावरची अन्वीही हसली. तिला मी तीन वर्षं सांगत होते, आई सातिवलीला कंपनीत आहे. ऑफिसात. एसी आहे.

हो, थापा मारायचे मी. पालकसभेचं घरी कळूच द्यायचे नाही. आईच्या टाचा मिठाने फुटलेल्या, त्या कोणाला दिसायला नको होत्या. लाज कशी वाटून घ्यायची हे मला कोणी फळ्यावर लिहून शिकवलं नव्हतं. तरी आलं. बरोबर आलं.

"मॅडम, पण ते खरं आहे," मी म्हणाले. एवढंच.

"उलट बोलतेस? उद्या आईला आण. आणि माफीपत्र. नाहीतर प्रदर्शनातून तुझं नाव गेलं समज."

विज्ञान प्रदर्शनाला शाळेतून आम्ही दोघीच जाणार होतो, अन्वी आणि मी. दिवाळीची सुट्टी मी त्यासाठीच्या मॉडेलवर घालवली होती. दुसऱ्या कशात माझं नाव कधी लागलंच नव्हतं. म्हणून घरी जाऊन माफीपत्र लिहिलं. माझे उत्तर चूक होते, मी उद्धटपणे बोलले. सही तेवढी मॅडमसमोर करायची होती.

दुसऱ्या दिवशी आई कामाचा खाडा करून आली. ठेवणीतली साडी नेसून. स्टाफरूममध्ये चार खुर्च्या रिकाम्या होत्या. तिला कोणी बस म्हणालं नाही.

"हिला जास्त अक्कल आलीय," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच आवरा."

आई हळूच बोलली, "बाई, त्या पान्यात कडू उतरतं. काढलं नाय तर मीठ कोन घेल?"

"मावशी, इथे पुस्तक चालतं. मीठ तुमच्या तिकडे."

चहा पिणाऱ्या दोन शिक्षिका फिसकन हसल्या. आणि माझ्या आईने हात जोडले. "चुकली पोर. माफ करा. तिचं नाव नका काढू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खोलीत मीठ पिकवलेली ती एकटी बाई होती, आणि माफी तीच मागत होती! आधी तिचाच राग आला. मग मॅडमचा. मग माझा स्वतःचा, सगळ्यात जास्त. तीन वर्षं मी तिला लपवलं होतं. तिला काय कळलं नसेल? कळलं असणार. म्हणूनच हात एवढ्या पटकन जोडले गेले.

मी टेबलावरचं माफीपत्र उचललं आणि दप्तरात कोंबलं.

"मी सही करणार नाही. माझं उत्तर बरोबर आहे. आणि ही माझी आई आहे. हिला आधी बसायला खुर्ची द्या."

खुर्ची कोणी दिली नाही. माझं नाव त्याच दिवशी खोडलं. मॉडेल माझं, उभी राहिली अन्वी.

रिक्षा स्टँडवर आई म्हणाली, "एवढं बोलायची काय गरज होती गं?"

"होती," मी म्हणाले. रिक्षात तिने माझा हात धरून ठेवला होता.

अकरावीत कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी सांगितलं, त्या कडू पाण्यात मॅग्नेशियम असतं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. कोणी हसलं नाही. मला आनंद झाला असेल असं वाटतंय? गेला उडत आनंद. डोकं सणकलं माझं. आईच्या तोंडून आलं तेव्हा अडाणीपणा, आणि सरांनी मॅग्नेशियम म्हटलं की ज्ञान?

तेव्हापासून कोणी विचारलं की आई काय करते, मी सांगते. मिठागरात काम करते. समोरच्याचा चेहरा बदलतो, तो नीट बघून घेते.

यंदा बारावी. तो पेपर मी जपून ठेवलाय, लाल फुलीसकट. तोच प्रश्न पुन्हा आला, कुठल्याही परीक्षेत, कोणाहीसमोर, तर मी तेच लिहीन. खाली आईची ओळही लिहीन. मारा फुली.