महालक्ष्म्या पाच दिवसांवर होत्या

आईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासून आला, तेव्हा अमरावतीच्या आमच्या डॉक्टरांनी आढेवेढे घेतले नाहीत. "कॅन्सर आहे. याच आठवड्यात नागपूरला जा. तिथल्या सर्जनला चिठ्ठी देतो." साठ सालानंतरची ती पहिली वर्षं. हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलाही नव्हता. मी एकोणीस वर्षांची. मला वाटलं, बाबा आता टांगा थेट स्टेशनावरच नेतील.

टांगा घरी आला. आई नैवेद्याच्या आंबिलीची ज्वारी निवडायला बसली. महालक्ष्म्या पाच दिवसांवर होत्या.

"महालक्ष्म्या उठू दे, मंग पाहू," ती म्हणाली.

"आठ दिवसानं काय होते?" बाबांनी री ओढली. मला त्यांचा असा संताप आला! पुढचं सगळं मला दिसत होतं. महालक्ष्म्यांनंतर पितृपक्ष, मग घट, मग दिवाळी. न जायला आमच्याकडे कारणांचा तोटा नव्हता.

खरं दुखणं निराळंच होतं. घर वेगळं झालं तेव्हा महालक्ष्म्यांचे मुखवटे थोरली म्हणून आईकडे आले, आणि धाकट्या काकूने अकोल्याला जाऊन सहा वर्षं आमचा उंबरा ओलांडला नाही. "यंदा काकूला बसवू दे," मी म्हटलं, तर आई फणकारली, "एकडाव गेले का वापस येत नाहीत ते."

दोन दिवस मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. पाणी भरताना, केस विंचरताना, एकच डोक्यात: ती गाठ आत्ताही वाढत असेल. आईच्या पदराकडे मला बघवेना.

तिसऱ्या दिवशी आई बाजारात गेली, तशी मी दोन्ही पितळी मुखवटे जुन्या लुगड्यात बांधले आणि अकोल्याला काकूकडे निघाले. बडनेऱ्याला गाडी बदलताना गाठोडं पदराखाली झाकून घेतलं. चोरी ती चोरीच, त्यात देवाची.

"काहून आली एकटी?" काकूने दारातच विचारलं. मी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने गाठोडं सोडलं. मुखवट्यांवरून हात फिरवला. सहा वर्षं तिला हेच हवं होतं. मग तिने ते होतं तसं बांधलं.

"देव आपल्या जागेवरच बसते," ती म्हणाली. "मीच येते तिकडं."

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई माझ्यावर हात उगारूनच आली, आणि मागे काकूला पाहून थबकली.

"जाऊबाई, नैवेद्याचं मले सांगा अन् सकाळच्या गाडीनं नागपूरले निघा," काकू म्हणाली. "महालक्ष्म्या पुढच्या सालीबी येतीन. तुमी राह्यल्या पायजे."

आई डॉक्टरकडून आल्यापासून पहिल्यांदा रडली.

आम्ही सकाळी निघालो. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, वेळेत आलात.

त्यानंतर आई चौदा वर्षं जगली. दर भाद्रपदात पुरण वाटताना ती मला ऐकवायची, की त्या साली काकूने पुरणात जायफळ कमी घातलं होतं. ती तर तेव्हा नागपूरला खाटेवर होती, ते पुरण तिने चाखलंही नव्हतं. मी शिजलेली डाळ तिच्यापुढे सरकवायची. तिने दर साली तेच बोलावं, एवढंच मला हवं होतं.