हौदापर्यंतचा जिना

सासूने सुनेच्या ओट्यावर ठेवावी तशी झेहराखाला खिडकीतून समोरच्या मशिदीवर नजर ठेवून असायच्या. "डाव्या मिनाराची फरशी हलतेय बघ. सांग तुझ्या साहेबांना." मी तीन मजले चढून धापा टाकत असायचे आणि पाण्याआधी ही तक्रार. निम्म्या तक्रारी तर खोट्याच निघायच्या.

डोंगरीतल्या त्या निळ्या इराणी मशिदीच्या दुरुस्तीचे नकाशे काढायला ऑफिसने मला पाठवलं होतं. रस्ता इतका अरुंद की खालून मशिदीचं तोंड एका फोटोत मावेना, म्हणून समोरच्या जुन्या चाळीतली खालांची खोली गाठली. खाला म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी तिथल्याच बायकांकडून उचललेली. मी वरळीच्या बीडीडी चाळीतली हे कळल्यावर म्हणाल्या, "मग चहाला नखरे नाही करणार तू." मी कशाला करते?

मशीद शिराझहून आलेल्या एका व्यापाऱ्याने इंग्रजी अमदानीत बांधली. इराणहून येणाऱ्या सगळ्यांना तेव्हाची मुंबई सरसकट मुघल म्हणायची, याचा खालांना अजून राग. शिया मशीद, बांधणी थेट इराणी, त्यामुळे घुमट नाहीच. "आमची मशीद टोपी घालत नाही. केस दाखवते," असं त्या दर आठवड्याला सांगायच्या आणि दर वेळी नव्याने हसायच्या. फुलांच्या निळ्या फरश्या, दोन मिनार, दारावरच्या कमानीतले मधाच्या पोळ्यासारखे कोनाडे, सगळं खिडकीतून दिसे. फक्त आतल्या अंगणातला हौद दिसत नसे. लहानपणी वडिलांचं बोट धरून त्या हौदाच्या काठावर बसायच्या. एकदाच पुन्हा तिथे बसायचं होतं त्यांना. बाकी कसली हौस उरली नव्हती.

पण उतरणार कशा? गुडघे वाकत नव्हते. खुर्चीत बसवून उतरवायचं म्हटलं, तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दुरुस्तीवाल्यांनी जिना पडू नये म्हणून लाकडी टेकू ठोकलेला. माणूस अंग चोरून जाई, खुर्ची अडकायची. मुलगा मीरा रोडहून येऊन दोनदा हात टेकून गेला. चाळीचा मालक दुरुस्तीच्या कंत्राटदाराकडे बोट दाखवायचा, कंत्राटदार मालकाकडे. मी स्वतः वळण मोजलं आणि कंत्राटदाराला सांगितलं, शेजारी दुसरा टेकू लावा, मग हा काढा. तो म्हणाला, जिना बसला तर तुम्ही जबाबदार का? घ्या! मी नकाशे काढणारी, माझी कसली जबाबदारी.

एकदा मी हौदाचा व्हिडिओ काढून नेला. मासे, पाणी, वरचं आभाळ. खालांनी दोन क्षण पाहिला आणि फोन पालथा घातला.

"कैद्याला बाहेरचं दाखवतात तसं मला नको दाखवूस गं," म्हणाल्या. "मी काय गुन्हा केलाय?"

त्या दिवशी चहा नाही झाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा मिनाराची तक्रार सुरू झाली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

फेब्रुवारीत खाला झोपेतच गेल्या. मुलाचा फोन आल्यावर मी धावत पोचले, तर मयत उतरवणारी माणसं त्या टेकूच्या वळणावर अडकलेली. कोणीतरी कंत्राटदाराला बोलावलं. तो आला, दोन गडी आणले, शेजारी दुसरा टेकू उभा केला आणि जुना काढला. एवढ्या वेळात चहासुद्धा निवला नसता. जिन्याला काही झालं नाही.

मी त्याचा दंड धरला. "काल का नाही काढलास?"

त्याला प्रश्नच कळेना. "मॅडम, मयत आहे. मयत कशी थांबवणार?"

खालांना खाली नेलं. रस्ता ओलांडून त्या मशिदीच्या दारातून आत गेल्या, आणि मी मोकळ्या झालेल्या त्या वळणावर बसून ओक्साबोक्शी रडले.