विंचची आरती

आमच्या मराठी मंडळात एक काका होते. सरकारी नोकरीत बदली होऊन चंडीगढला आलेले, अगदी सज्जन, पण आरतीला उभे राहिले की आवरायचे नाहीत. मंत्रपुष्पांजली झाली, सगळ्यांच्या नजरा मोदकांकडे वळल्या, की हे डोळे मिटून नवी आरती सुरू करायचे. त्यांच्या गावाकडची, लांबलचक, बाकी कोणालाच न येणारी. सगळ्यात जास्त चरफडायचा तो माझा नवरा. जवळच्या चंडीमंदिर छावणीत लष्करात इंजिनियर, त्यामुळे थांबत नाही ते सगळं बिघडलेलं अशी त्याची समजूत. "या माणसाला ब्रेकच बसवलेले नाहीत," असं तो टाळ्या वाजवता वाजवता माझ्या कानात म्हणायचा.

पंजाबात दहशतवाद होता तेव्हा. सेक्टर सतराच्या बाजारात साधी साडी घ्यायला गेलं तरी पर्स उघडून दाखवावी लागे, आणि अंधाराच्या आत प्रत्येकजण घरी. सुखना तलावावर गर्दी जमवायला परवानगी नसे, म्हणून आमचा गणपती दरवर्षी बादलीत. बादली लहान पडायची आणि बाप्पाची सोंड वर दिसत राहायची. मला ते बघवत नसे. त्या वर्षी मी हट्टाला पेटले आणि पोलीस इन्स्पेक्टरकडे इतक्या खेपा घातल्या की ते सरदारजी माझी चप्पल वाजली तरी ओळखायला लागले. शेवटी म्हणाले, "ठीक है जी, सुखना पे कर लो. पर सूरज ढलने से पहले सब किनारे पर. देर हुई, तो अगले साल से फिर बाल्टी. पक्का."

बोटीची जबाबदारी नवऱ्याने घेतली. ओळखीच्या एका क्लबची जुनी मोटरबोट होती, तिला त्याने हौसेने नांगर उचलायचा विजेचा विंच बसवून दिला होता. बटण दाबलं की साखळी आपोआप गुंडाळली जाणार. ते बटण मंडळाला दाखवायला तो आमच्यापेक्षा अधीर झाला होता.

विसर्जन सुरेख झालं. तलावाच्या मधोमध नांगर टाकला, बोट स्थिर झाली, मूर्ती अलगद पाण्यात गेली. मग नवऱ्याने सगळ्यांकडे एकवार बघून बटण दाबलं. साखळी ताठ झाली, विंच कण्हला, जळकट वास आला आणि सगळं बंद पडलं. सुखनाच्या तळाशी गाळच गाळ, त्यात नांगर रुतून बसला होता.

"मोटर तापली. तिचा सेफ्टी स्विच पडला," नवरा म्हणाला. "थंड व्हायला हवी."

पण थंड होईतो थांबेल तो माझा नवरा कसला! दोन-चार श्वास झाले की हात बटणावर. पुन्हा कण्हणं, पुन्हा वास, पुन्हा बंद. हाताने ओढून झालं, पण नांगर हलेना. साखळी लोखंडाची, कापताही येईना. सूर्य झाडांकडे उतरायला लागला आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बादली आली. मला रडूच यायचं बाकी होतं.

"काका," मी म्हणाले, "तुमची ती मोठी आरती म्हणा. आणि अहो, ती संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. देवाची शप्पथ आहे."

"आता कोणाची आरती? गणपती तर गेला," कोणीतरी म्हणालं.

"पाट आहे ना," असं म्हणून काकांनी डोळे मिटले. रिकामा पाट नेमका विंचसमोर ठेवलेला, त्यामुळे आम्ही विंचचीच आरती करतोय असं दिसत होतं. कापूर मात्र मी पेटवू दिला नाही, बोटीत पेट्रोल होतं.

कडव्यामागून कडवं चाललं. नवरा हात बांधून उभा. करायला काहीच नसल्यामुळे त्याच्या डोक्यात उजेड पडला असावा. तो एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, मी विंचने अख्खी बोट ओढतोय!" आरती संपल्यावर त्याने आधी इंजिन लावून बोट बरोबर नांगराच्या डोक्यावर नेली, सैल पडलेली साखळी तेवढी गुंडाळली आणि बटण सोडलं. मोटरच्या अंगाला हात लावून बघितला. मग अत्यंत नम्रपणे म्हणाला, "काका, अजून एक."

दुसरी संपल्यावर त्याने पुन्हा बटण दाबलं, आणि नांगर गाळातून सुटला.

किनाऱ्याला लागेपर्यंत सूर्य गेला होता. इन्स्पेक्टर वाट बघत उभे. काका तिसरीत होते, थांबायचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सरदारजींनी बूट काढले, हात जोडले आणि आरती संपेपर्यंत तसेच उभे राहिले. मग आकाशाकडे न बघता म्हणाले, "पूजा अभी खत्म हुई है, तो दिन भी अभी खत्म हुआ. अगले साल थोड़ा जल्दी आना, जी."

पुढच्या वर्षी आम्ही खरंच लवकर गेलो. काकांची तोवर बदली झाली होती. नवऱ्याने बोट आधीच नांगरावर नेली, थोडी साखळी गुंडाळली आणि विंचला विसावा द्यायला बटण सोडलं. मला काकांची फार आठवण आली.

तेवढ्यात, अत्यंत बेसूर आवाजात, कोणीतरी त्यांची ती मोठी आरती सुरू केली. मी वळून बघितलं, तर नवरा डोळे मिटून उभा होता. सगळी कडवी त्याला पाठ होती. मोटर केव्हाच थंड झाली, तरी तो थांबला नाही.