डावीकडे झुकलेली रेघ

गल्लीच्या तोंडाशी गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींना सगळे कानवाले म्हणत. इंजिनात ठिणगी वेळेवर पडते की नाही, हे ते नुसतं ऐकून सांगत. मग ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची चकती नेमक्या जागी कसून, चकती आणि तिच्या कडेचं इंजिनाचं अंग यांच्यावरून टोच्याने एक तिरपी रेघ ओढत. चकती केसभर सरकली तरी रेघ तुटणार. रेघ अखंड, तर टायमिंग कानवाल्यांचं. बत्तीस वर्षांत तिच्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

सोमवारी छापखानेवाला आपली जुनी दोन सिलिंडरची गाडी ढकलत घेऊन आला. इंजिनाचं हेड उघडलं, तर उजव्या पिस्टनला वरून भोक.

"तुमच्या हातून जाऊन वीस दिवस नाही झाले," तो म्हणाला. "आणि रेघ बघा, जशीच्या तशी!"

रेघ खरंच अखंड होती.

या गाडीत डावा आणि उजवा सिलिंडर पाळीपाळीने पेटतात, आणि प्रत्येकाची चकती वेगळी. प्लगच्या वायरींची अदलाबदल झाली तर ती जागेवरच खोकते, लगेच कळतं. ठिणगीच्या वेळेचं तसं नाही. पेट्रोलच्या वाफेला पेट घ्यायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. फार आधी पडली की भडका वर येणाऱ्या पिस्टनच्याच टाळक्यात बसतो. त्यात गाडी पहिले काही दिवस उलट चपळ वाटते. मालक खूश, आणि आत पिस्टन भाजतोय.

कानवाल्यांनी चष्मा पुसून बॅटरीचा झोत टाकला. उजव्या चकतीवरची रेघ डावीकडे झुकली होती. त्यांची कायम उजवीकडे झुके. शेजारी, जुनी रेघ घासून काढल्यासारखे, घासकागदाचे बारीक ओरखडे होते.

"मधे कुणाचा हात लागला होता?"

"तुम्ही बाहेरगावी होतात, तेव्हा क्लचची केबल तुमच्या भावाने बदलली. तो काय परका आहे?"

धाकटा भाऊ डावखुरा. त्याला टोचा धरणं जमेना, तेव्हा कानवाले आरशासमोर बसून आधी स्वतः डाव्या हाताने रेघ ओढायला शिकले होते. तीन महिन्यांपूर्वी त्याने समोरच गॅरेज टाकलं, तेव्हा टोचाही त्यांनीच दिला होता.

ते रस्ता ओलांडून गेले.

"उजवी चकती का सरकवलीस?"

धाकट्याने हातातला पाना खाली ठेवला नाही. "तुझ्या गाड्या बिघडून परत येतच नाहीत, दादा. मग माझ्याकडे कोण येणार? केबल बदलायला?"

"इंजिन भर रस्त्यात जाम झालं असतं. माणूस आपटला असता."

"आपटला नाही ना." तो जरासा हसला. "सांगणार आहेस त्याला? नाही सांगणार. आईची बोलणीसुद्धा माझ्या वाट्याची तूच खाल्लीस."

ते खरं होतं. पिस्टनपेक्षा तेच कानवाल्यांना जास्त लागलं. धाकट्याने ते गृहीत धरूनच रेघ ओढली होती.

छापखानेवाला स्टुलावर वाट बघत होता. "काय मिस्त्री, कान म्हातारे झाले का?"

कानवाल्यांनी बॅटरी त्याच्या हातात दिली. "ही डाव्या सिलिंडरची रेघ बघा. आता उजव्याची. कुठे झुकते?"

"उलटी झुकते की! कुणाची ही?"

"माझ्या धाकट्या भावाची," कानवाले रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

समोरच्या गॅरेजमधली ठोकाठोक थांबली.