शेरा : बाहेरगावी

“सिस्टर, त्या घरात नका जाऊ. लिंब बांधलाय,” पाड्यावरची आशा कार्यकर्ती, आमची आशाताई म्हणाली.

दारावर कडुलिंबाचा डहाळा म्हणजे आत गोवर. सातपुड्यातल्या मोलगीच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावरची ही गोष्ट. मी मूळची शहाद्याकडची, पण या पाड्याच्या सबसेंटरला, म्हणजे आरोग्य उपकेंद्राला, नर्स होते. होळी होऊन दोनच दिवस झाले होते. लिंब बांधला की घरचं कुणी बाहेर पडत नाही, बाहेरचं कुणी आत जात नाही. मी दारातूनच पाहिलं. वर्षाचा दिनेश अंगभर पुरळ घेऊन आजीच्या मांडीवर पडला होता. डोळे लालभडक.

प्रथा शहाणपणाचीच आहे. अडचण एवढीच, की पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून गोवर खोकल्यातून पसरत असतो. त्या चार दिवसांत होळी आली होती, आणि दिनेश आईच्या कडेवर घरोघर फिरला होता.

सबसेंटरला येऊन रजिस्टर उघडलं. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. दिनेशचा रकाना कोरा होता. शेऱ्याच्या जागी माझ्याच अक्षरात तीन वेळा ‘बाहेरगावी’.

खोटं नव्हतं ते. दिवाळी झाली की अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातमध्ये जातो, तो होळीलाच घरी येतो. दिनेश नऊ महिन्यांचा झाला तो तिकडेच. आमचं सेशन, म्हणजे लसीकरणाचा दिवस, दर महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी. मी लसींचा डबा खांद्याला लावून चढ चढायचे, घर बंद दिसायचं, शेरा लिहायचे. बाहेरगावी गेलेलं मूल त्या महिन्याच्या यादीतून गळायचं. त्यामुळे माझा रिपोर्ट कायम स्वच्छ. मीटिंगमध्ये कौतुक व्हायचं. मला ते आवडायचंही, कशाला नाकारू?

दुसऱ्याच दिवशी पाड्यावरच्या राहिलेल्या मुलांना लस दिली. दिनेशला व्हिटॅमिन ए दिलं. तो बरा झाला.

पण शेजारच्या रोशनीबाईची मुलगी सात महिन्यांची होती. रोशनीबाई ऊसतोडीला जात नसे. मुलीच्या आतापर्यंतच्या सगळ्या लसी वेळच्या वेळी झालेल्या. होळीनंतर दहा-बारा दिवसांनी मुलीला ताप आला, मग पुरळ, मग न्यूमोनिया. आम्ही अॅम्ब्युलन्सनं नंदुरबारला पाठवली. पाचव्या दिवशी ती गेली.

मी भेटायला गेले. रोशनीबाई तिच्या भाषेत काहीतरी बोलली. आशाताईनं मान खाली घातली.

“काय म्हणते?”

“ती म्हणते, मी एक पण सुई चुकवली नाही. मग माझीच पोरगी का गेली?”

उत्तर मला माहीत होतं. एवढ्या लहान बाळाला गोवराची लस देत नाहीत. त्याच्या भोवतीच्या मुलांनी लस घेतलेली असली, तर गोवर त्याच्यापर्यंत पोचत नाही. तेच त्याचं कुंपण. त्या कुंपणाला भोक पडलंय हे मला तीन महिने दिसत होतं, आणि मी त्यावर शेरा चिकटवत होते. मला स्वतःची लाज वाटली. मी तिला सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. ती उठून आत गेली.

पुढच्या वर्षी मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. तेही शहाद्याकडचेच, आमचं बोलणं अहिराणीत.

“होळीना आदला दिन सेशन? सुट्टीना टाइमले कोन ई तठे, सिस्टर?”

“साहेब, वरीसमा तोच एक दिन शे, सगळा पाडा घरी ऱ्हास.”

त्यांनी सेशनच्या कागदावर सही केली.

होळीच्या आदल्या दिवशी मी डबा घेऊन पाड्यावर पोचले. गुजरातहून पिकअप येत होत्या. वाटेवर रोशनीबाई उभी होती. तिच्या कडेवर त्या वर्षी मूल नव्हतं. गाडीतून उतरणाऱ्या एकेका आईचा दंड धरून ती तिला माझ्याकडे आणत होती. बोचकी खाली ठेवायलाही थांबू देत नव्हती. माझ्याशी मात्र ती दिवसभर बोलली नाही.

त्यानंतर शेऱ्याच्या रकान्यात मी कोण कुठं गेलं आणि कधी परतणार, एवढं लिहीत आले. नुसतं ‘बाहेरगावी’ पुन्हा कधी लिहिलं नाही. बाहेरगावी गेलेलं मूल परत येतं, आणि पाड्यावर नऊ महिन्यांच्या आतलं कुणीतरी असतंच.