गिरजाबाईंची अकरावी कथा

शाळेत परिपाठ सुरू होता आणि भाऊरावांचा फोन आला. ते सहसा फोन करत नसत. स्क्रीनवर नाव दिसलं तशी मी रांगेतून बाजूला झाले. "मॅडम, गिरजा गेली," एवढंच ते म्हणाले. त्यावर मी जे विचारलं, त्याची आज दोन महिन्यांनंतरही लाज वाटते. मी विचारलं, "अकरावी कथा झाली होती का?" पलीकडून फोन बंद झाला.

गिरजाबाई करडीच्या शाळेत पोषण आहार शिजवायच्या. बदलीनं सिहोऱ्याला येण्याआधी मी तिथं नऊ वर्षं शिकवत होते. त्यांचे यजमान भाऊराव तलावात मासे आणि झिंगे, म्हणजे कोळंबी, धरायचे, मुलगी लग्न होऊन गेलेली, आणि त्या स्वतः दहावी झालेल्या. एकदा खिचडीत मीठ जास्त पडल्याचं सांगायला मी स्वयंपाकखोलीत गेले, तर बाई तांदळाच्या रिकाम्या पोत्यावर बसून वहीत लिहीत होत्या. भात शिजायला लागतो तेवढा वेळ माझा, असं त्यांनी जरा ओशाळून सांगितलं. तेवढ्यात रोज एक पान व्हायचं, आणि प्रत्येक पानाला त्या स्वतःच एक अट घालायच्या. आज माणसाचा चेहरा सांगायचा नाही, फक्त हात सांगायचे. आज भांडण लिहायचं, पण कुणाचा आवाज चढू द्यायचा नाही. आज बसथांब्यावर कानावर पडलेली दोन वाक्यं घ्यायची आणि त्यांच्या आधी काय घडलं असेल ते लिहायचं. हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं. "कोनी नाई, मॅडम. मले काय जमत नाई, ते मी रोज पायतो," त्या म्हणाल्या. पुढे त्या पानांतून कथा होऊ लागल्या, आणि पहिली वाचक मी झाले.

मग मासिकांकडे कथा पाठवणं सुरू झालं. पाकिटावर पत्ता मी लिहायची, कारण त्यांना वाटे, आपलं अक्षर पाहूनच परत पाठवतील. कथा टपालात पडली की महिनाभर बाईंना चैन नसे. पोस्टमन फाटकाशी दिसला की हातातला झारा तसाच थांबायचा. बहुतेक कथा परत आल्या, काहींचं काय झालं ते कळलंच नाही. एका मासिकानं 'भाषा वाचकांना समजणार नाही' असं कळवलं. एक कथा दिवाळी अंकात छापून आली, पण नाव पडलं गिरीश. बाई खूप हसल्या. नंतर आठवडाभर मात्र वहीच्या प्रत्येक पानावर वर आपलं पूर्ण नाव लिहीत होत्या.

शेवटी नागपूरचे एक छोटे प्रकाशक अकरा कथांचा संग्रह पाहायला तयार झाले. त्यांना टाइप केलेली प्रत हवी होती. ते काम मी आनंदानं घेतलं, आणि इथंच माझ्या हातून ते घडलं. टाइप करता करता मी भाषा सुधारत गेले. 'काहून रडून राहिली?' असं होतं, तिथं मी 'का रडते आहेस?' केलं. 'मले'चं 'मला' केलं. परत आलेली पाकिटं माझ्या डोळ्यांपुढे होती. यावेळी पुस्तक हातचं जाऊ नये, एवढीच धास्ती होती. बदली होऊन शाळेतून निघताना कपाट रिकामं केलं, तेव्हा तेल-हळदीचे डाग पडलेले, वहीतून फाडून दिलेले ते मूळ कागद मीच रद्दीत घातले. टाइप केलेली प्रत बाईंच्या हाती दिली. त्यांनी तीन पानं वाचली आणि खाली ठेवली.

"मॅडम, हे मानसं कोनत्या गावचे हायेत?"

मी समजावू लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माह्या मायनं जलमात कधी 'मला' म्हटलं नाई." मग मूळ कागद मागितले. ते नाहीत, हे मला सांगावं लागलं... त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी अकराही कथा आठवून पुन्हा लिहायला घेतल्या. त्यातच पायाला सूज आली, आणि किडन्या निकामी झाल्याचं निदान झालं. आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याला डायलिसिस सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी मी सोबत जायची. डाव्या हातात सुया, उजव्या हातात पेन, आणि मांडीवर माझीच टाइप केलेली प्रत. तिच्यातलं एकेक वाक्य त्या पुटपुटत, आपल्या माणसांच्या तोंडी घालून पाहत आणि मग लिहीत. मी पलंगाशी बसून कधी मशीनकडे बघे, कधी पानांकडे. चौथी झाली, सातवी झाली. मध्ये रक्तदाब घसरला की पेन हातातून गळायचं, आणि माझ्या मनात आधी उरलेल्या कथांचा विचार यायचा, नंतर बाईंचा. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

तेरवीनंतर चार दिवसांनी करडीला गेले. भाऊरावांनी पिशवी दिली. दहा कथा पूर्ण होत्या. अकरावीची चारच पानं होती. आंबागडची एक बाई अबोला धरलेल्या बहिणीच्या दारात बारा वर्षांनी जाऊन उभी राहते. बहीण दार उघडते आणि म्हणते... इथं लेखन थांबलं होतं. प्रकाशकांना हे सांगितलं, तर त्यांनी कळवलं की टाइप केलेल्या प्रतीवरून शेवट जोडून द्या. बहीण काय म्हणते, ते माझ्याकडे होतं, पण माझ्या शब्दांत. महिनाभर मी ते वाक्य बाईंच्या बोलीत वळवून पाहत होते. दर वेळी ते खोटं वाटायचं. अखेर परत गेले आणि भाऊरावांना सगळं सांगितलं, रद्दीसकट.

ते अंगणात झिंगे वाळत घालत होते. हातातले झिंगे त्यांनी पसरून घेतले. मग म्हणाले की गिरजा लिहिलेलं रोज संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायची, ही कथाही पहिल्यांदा लिहिली तेव्हा दाखवली होती.

"जेवढी तिनं लिवली तेवढीच धाडा, मॅडम. बाकीची माह्यापाशी हाये."

ती सांगा, असं म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं नाही. कथा तशीच, अर्ध्या वाक्यावर थांबलेली, मी पाठवून दिली. पुस्तक निघेल की नाही, अजून कळलेलं नाही. फोन वाजला की आधी नागपूरचा नंबर आहे का ते पाहते. त्या दिवशी मी निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती. भाऊरावांनी हात धुतले, पडवीत चटई अंथरली आणि एका कडेला बसले. दुसरी कड त्यांनी मोकळी ठेवली होती. फाटकातून वळून पाहिलं, तर ते मान किंचित वाकडी करून, कुणीतरी वाचत असल्यासारखे, ऐकत बसले होते.