तेरा भाग चहाचा ट्रे

संध्याकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

आज आमच्या करंजाड्यातल्या सोसायटीत हळदीकुंकू होतं. गप्पा एका मोठ्या नटावर आल्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "त्याचं काय, पहिल्याच मालिकेत हिरो. नशीब लागतं."

आई म्हणाली, "नाही गं. त्याआधी एका मालिकेत तो नोकर होता. तेरा भाग नुसता चहाचा ट्रे घेऊन यायचा."

"काकू, नेटवर तर असलं काही नाही. तुम्ही दुसऱ्याच कुणाला पाहिलं असेल." वहिनींनी फोन तिच्या तोंडापुढे धरला. सगळ्या हसल्या. आई ओशाळून वाण चाचपत बसली.

नव्वदच्या सुमारास जवळच्या आपटा गावात त्या मालिकेचं शूटिंग चालायचं. युनिटचं जेवण आई पनवेलहून करून न्यायची. सुट्टीत मीही जायचे. तो आमच्याच कपांत पाणी भरून ट्रे उचलायचा सराव करायचा. थेंब सांडला की "सांडलं" म्हणून ओरडायचं काम माझं, आठ वर्षांच्या मुलीचं.

त्या माणसाच्या कष्टांना नशीब म्हणतात आणि ते पाहणाऱ्या बाईला खोटं पाडतात.

जिना चढताना आईने एवढंच विचारलं, "तू होतीस ना गं तिथे?"

होते. आजही तिच्या शेजारीच होते, आणि गप्प होते.

तुमच्या आईला चारचौघांत असं हसले, तेव्हा तुम्ही बोललात का?